तळटीपेतली आई

"खिडकी उघडा," सर म्हणाले. "आज नवव्या प्रकरणात वास आहे."

वर्ग हसला. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही अकरा जण. विषय इंग्रजी, पेपर अमेरिकन साहित्याचा आणि हातात तिकडची एक शंभरावर वर्षं जुनी, जाडजूड कादंबरी. सरांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि माझ्याकडे बघितलं.

"कुजलेल्या मासळीचा वास कसा असतो? तू सांग. तुझ्या घरचा विषय आहे."

मी उभी राहिले. एम.ए.ला कोणी उभं राहत नाही, बसूनच बोलतात. पण माझे पाय आपोआप उठले. तोंडातून आवाज येईना. सरांनी थोडा वेळ वाट बघितली, मग वर्गाकडे वळून म्हणाले, "हिला नाही सांगता येणार. जो वासातच वाढला, त्याला वास येत नाही. लेखकाला हेच म्हणायचंय. लिहून घ्या."

दहा जणांनी लिहून घेतलं. मीही घेतलं. माझ्या अपमानाची नोट माझ्याच अक्षरात माझ्या वहीत आहे. वर तारीख घालायची मला शाळेपासून सवय, त्यामुळे तारीखही आहे.

संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी माशाचं चित्र टाकलं. खाली सहा जणांनी हसणारे चेहरे लावले. मीही एक हसणारा चेहरा लावला. राग आला असं दिसू नये म्हणून.

मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणी मला शूर बिर समजेल. मला कॉलेजच्या शिपायाची भीती वाटते. ग्रंथालयातल्या बाईंची वाटते. फोनवर इंग्रजीत बोलणाऱ्या बाईची वाटते, ती रेकॉर्ड केलेली आहे हे माहीत असूनसुद्धा. कॉलेजचे दोन ड्रेस मी पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवायचे, मासळीचा वास लागू नये म्हणून. मग शेजारी बसणारी मुलगी विचारायची, तुझ्या अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास का येतो ग? म्हणजे कुठूनही सुटका नाही.

आमचं घर देवबागच्या वाटेवर, खाडीच्या बाजूला. बाबा गोव्याच्या ट्रॉलरवर खलाशी, वर्षातले आठ महिने बाहेर. आई मालवण बंदरावरून बांगडा आणते आणि खारवते. पोट फाडायचं, आतलं काढायचं, धुवायचं, मीठ भरायचं, टबात मिठाचा थर, बांगड्याचा थर असं लावत जायचं, मग उन्हात. वाडीतल्या सगळ्या बायका हेच करतात. आमचं आडनाव सांगितलं की माणसं वाडी विचारत नाहीत, त्यांना कळलेलं असतं. हल्ली शेजारी होमस्टे झालाय. तिथले पाहुणे एका हाताने नाक धरतात आणि दुसऱ्या हाताने वाळत घातलेल्या बांगड्यांचे फोटो काढतात.

सरांचं घर आतल्या गावात. काजूची बाग, आंब्याची बाग, चार पिढ्यांचं शिक्षण. दरवर्षी पावसाच्या आधी सर आईकडून खारे बांगडे आणि सुकट नेतात. स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवतात. आई त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ते म्हणतात, "काय गो, यंदा माल बरो आसा मा?" आई म्हणते, "होय सर." वर्गात शुद्ध मराठी आणि इंग्रजी, आईशी मालवणी, तेही एकेरी. आणि तोच वास त्यांच्या पिशवीत गेला की त्याला चव म्हणतात.

कादंबरीचं नाव मी इथे लिहीत नाही. प्रकरण अजून मिटलेलं नाही. गोष्ट साधी आहे. थंड समुद्राच्या काठावरचं गाव, तिथे एक व्यापारी कप्तान, टेकडीवर त्याचं पांढरं घर. घरामागच्या अंगणात मोठमोठी पिंपं, त्यांत मासे खारवायचं काम. ते काम करणारी एक काळी बाई, दक्षिणेकडून आणलेली. साडेचारशे पानांच्या पुस्तकात तिला नाव नाही. 'पिंपांजवळची बाई' एवढंच. नवव्या प्रकरणात मासळी सडते, वास पांढऱ्या घरात शिरतो, शहरातून आलेली नवी सून आजारी पडते. कप्तान त्या बाईला हाकलून देतो. ती धक्क्याकडे चालत जाते आणि पुस्तकातून संपते. पुढची दोनशे पानं सुनेच्या मनाची घालमेल.

या कादंबरीकडे किती तऱ्हांनी बघता येतं याचा आमचा अख्खा पेपर होता. समीक्षेचे दृष्टिकोन. सरांनी त्यांचे वार लावून दिले होते. सोमवारी रूप आणि रचना, मंगळवारी प्रतीकं, बुधवारी मनोविश्लेषण, गुरुवारी पुराणकथा, शुक्रवारी वर्गसंघर्ष. वंशभेद आणि स्त्रीवाद यांना मिळून एक शनिवार, तोही अर्धी सुट्टी. प्रत्येक दृष्टिकोनाची नोट तयार, निष्कर्षासकट. वार कुठलाही असो, निष्कर्ष तोच निघायचा. वास म्हणजे पतन. पिंपांजवळची बाई निष्काळजी, आणि तिचा निष्काळजीपणा म्हणजे त्या घराच्या आत्म्याला लागलेली कीड.

सरांचा स्वतःचा लाडका दृष्टिकोन म्हणजे फक्त संहिता. पानावर आहे तेवढंच खरं. पहिल्या तासाला ते म्हणाले होते, "आपण चपला दाराबाहेर काढतो ना? तसं आपलं घर, आपलं गाव, आपली जात बाहेर काढून पुस्तकात शिरायचं." मला ते फार आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. जात बाहेर ठेवून कुठेतरी आत शिरता येतं, हे मला पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. बसमध्ये ते वाक्य मी मनात घोळवायचे. म्हणून त्या वासाच्या तासाला मला दुप्पट लागलं. मी माझं घर बाहेर ठेवून आले होते. सरांनी ते स्वतः उचलून वर्गात आणलं आणि बाकावर ठेवलं.

तरीही मी काही बोलले नाही. शेवटच्या सत्राला प्रकल्प असतो, साठेक पानांचा, आणि माझे मार्गदर्शक सरच. त्यांच्या सहीशिवाय प्रकल्प जात नाही, प्रकल्प गेला नाही तर वर्ष जातं. आणि माझं वर्ष गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं. आईने स्पष्ट सांगितलं होतं, "ह्या वर्सा पास झालंस तर तुझ्या मनासारखा. नायतर बापूस बघता थंय गपचूप लगीन करूचा." बाबांनी बघितलेलं स्थळही टबवालंच होतं. फक्त टब दुसऱ्या गावातले.

गोष्ट फिरली ती एका रविवारी सकाळी. मी आईबरोबर बांगडे खारवायला बसले होते. हात चालू होते आणि आईने सहज विचारलं, त्या जाड पुस्तकात काय आहे? मी सांगायला लागले. तिला पहिल्यांदा अमेरिकेतही मासे खारवतात याचंच नवल. मी म्हटलं, तिकडचा मासा मोठा, थंड पाण्यातला, बांगडा नव्हे.

"मासो खंयचोय असूंदे, मीठ ता मीठच," आई म्हणाली. "मगे त्या बायेचा काय झाला?"

"काढून टाकल्यान तिका. मासळी कुसली म्हणान."

आईचे हात थांबले. "आणि मीठ कोणाकडे होता?"

"म्हंजे?"

"अगो, बाई खारवता ती मिठानच ना? मीठ तिका पुरता दिल्यानी काय नाय? ता नाय लिवलेला?"

आमच्या वाडीत एक रीत आहे. दुसऱ्याची मासळी खारवायला घेतली की मिठाचं पोतं मालकाने आणायचं आणि सगळ्यांसमोर फोडायचं. खारवणारी बाई पोत्याला हात लावत नाही. शेजारच्या दोघी येऊन बघतात, मीठ कोरडं आहे ना, पुरेसं आहे ना. मगच पहिला बांगडा टबात पडतो. कारण माल बिघडला की पहिलं बोट टबावरच्या बाईकडे जातं. ती रीत पाडणाऱ्या बायकांनी कधीतरी ते बोट सोसलं असणार.

मी म्हटलं, आठवत नाही. आणि मग एक गोष्ट आठवली. नवव्या प्रकरणात लेखक सांगतो की सडलेल्या माशाचं मांस हाडापाशी लाल झालं होतं. सरांच्या नोटमध्ये होतं की लाल म्हणजे पाप. मी आईला विचारलं, हाडापाशी लाल कधी होतं?

"हाडाकडे लाल? मगे मीठच नाय पोचला," आई म्हणाली आणि पुढचा बांगडा उचलला. तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

मी हात धुऊन पुस्तक काढलं. पहिल्या पानापासून वाचत गेले, फक्त मीठ शोधत. सहाव्या प्रकरणात सापडलं. दोन ओळी. कप्तान मिठाच्या कोठीला स्वतः कुलूप लावतो आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकतो, मीठ आधी जहाजाला, अंगणाला उरलं तर. मग आठव्या प्रकरणात एक ओळ. पिंपांजवळची बाई रिकामी बादली घेऊन मागच्या दाराशी येते आणि सून आतूनच सांगते, उद्या ये. ती रिकामी बादली आम्ही मंगळवारी शिकलो होतो. एकाकीपणाचं प्रतीक म्हणून.

मी उंबऱ्यावर बसून त्या तीन जागा परत परत वाचल्या. लेखकाला माहीत होतं. किल्ली, बादली, हाड, सगळं त्याने पानावर नीट मांडून ठेवलं होतं. संहितेतच होतं. एवढ्या वर्षांत एवढ्या शिकलेल्या माणसांनी ते पुस्तक वाचलं आणि एकानेही विचारलं नाही की मीठ कोणाकडे होतं. ते सुचायला आधी कधीतरी स्वतःच्या हाताने मासळीला मीठ लावलेलं असावं लागतं.

माझ्या प्रकल्पाचं तिसरं प्रकरण मी आठ दिवसांत लिहिलं. इंग्रजी माझं अडखळतं, पण ते आठ दिवस मला भीती वाटली नाही. आयुष्यातले तेवढेच. मी ओळींचे पुरावे दिले, पानांचे क्रमांक दिले. हाडापाशी लाल का होतं, ते लिहिलं. आणि प्रश्न आला, हे मला कुठून कळलं? सरांनीच शिकवलं होतं की माहिती जिथून घेतली, तिचा उल्लेख न करणं म्हणजे चोरी. म्हणून मी खाली तळटीप दिली. क्रमांक सात. आईचं पूर्ण नाव, आणि पुढे, 'मासळी खारवण्याचा तीस वर्षांचा अनुभव, प्रत्यक्ष संभाषण'.

आमच्यातली कुठलीही मुलगी हीच चूक करेल. शिकवलेला नियम सगळ्यांना लागू असतो असं आम्हाला वाटतं.

सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं. आणखी चार शिक्षक डबे खात होते. सर तळटीप सातपाशी आले, आईचं नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "या कोण? कुठल्या विद्यापीठाच्या?" खरोखरच विचारलं. क्षणभर माझी आई विद्यापीठातली होती. मग त्यांनी पुढचं वाचलं.

"खारवण्याचा अनुभव," सर म्हणाले. डबे खाणारे हसले. "तळटीपेत बांगडेवाली. उद्या संदर्भसूचीत मांजर घालशील."

लाल पेनाने त्यांनी नावावर रेघ मारली. मग अख्ख्या प्रकरणावर, पानापानावर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मी बघत होते. मला सांगायचं होतं, सर, पान क्रमांक बघा, संहितेतच आहे. मी फक्त "सर" एवढंच म्हटलं.

"हा समीक्षेचा पेपर आहे, मासळीबाजार नव्हे," ते म्हणाले. खणातून चार टाइप केलेली पानं काढून पुढे टाकली. कुठल्या तरी जुन्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पातली. "हे घाल त्याच्या जागी. जसंच्या तसं उतरव. तुझ्या भाषेत लिही म्हटलं असतं, पण तुझी भाषा..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "सही मला करायची आहे, लक्षात ठेव. नाहीतर आहेच टब."

मी उतरवलं. हे मला स्वच्छ लिहायचंय. मी त्या चार पानांतलं प्रत्येक अक्षर उतरवलं. 'घरात शिरणारा वास हा त्या स्त्रीच्या निष्काळजीपणातून, म्हणजेच तिच्या नैतिक पतनातून येतो.' हे वाक्य इंग्रजीत माझ्या बोटांनी टाइप झालं. तळटीप सात काढली. आठ होती ती सात झाली. सगळं नीट जुळलं, कुठे काही होतं असं दिसेना. टाइप करताना आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "ता मिठाचा लिवलंस मा?"

"होय," मी म्हटलं.

तळटीप घातली तेव्हा मीच तिला सांगितलं होतं. तिने बाहेर जाऊन शेजारणीला सांगितलं. मला ऐकू येत होतं. माझ्या चेडवान पुस्तकात माझा नाव घातल्यान, असं म्हणत होती. पण मी पान वाचवलं नाही, सही वाचवली. भीती माणसाकडून काय काय करून घेते हे मला त्या दिवशी कळलं.

सरांनी सही केली. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. तोंडी परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातल्या एक मॅडम आल्या. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. टेबलापलीकडे त्या आणि सर, अलीकडे मी. आदल्या दिवशी सरांनी मला सात प्रश्न आणि सात उत्तरं दिली होती. पहिले पाच तेच आले. मी पाठ केलेलं म्हटलं. सर मान हलवत होते.

मग मॅडमनी तिसरं प्रकरण उघडलं. चष्मा वर केला. "इथे तुम्ही त्या बाईचा निष्काळजीपणा म्हणता. कशावरून? संहितेत नेमकं कुठे आहे?"

हा प्रश्न सातांत नव्हता.

मी सरांकडे बघितलं. सर खिडकीकडे बघत होते. खरं सांगते, मला तिथेच लघवी होईल असं वाटलं. 'एकूण वातावरणावरून' असं म्हणायचं होतं फक्त. ते दोन शब्द पुरले असते. मॅडमनी मान हलवली असती, पुढचा प्रश्न आला असता, आणि मी संध्याकाळच्या एसटीने एम.ए. होऊन घरी गेले असते. पण ते म्हणायचं म्हणजे त्या बाईवर बोट ठेवायचं, तेही मी. टब म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मॅडमना माहीत नव्हतं म्हणून त्यांना माफ होतं. मला नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"संहितेत निष्काळजीपणा नाही. मीठ नव्हतं."

इंग्रजी सुटलं. मी मराठीत बोलायला लागले. सहावं प्रकरण, किल्ली. आठवं प्रकरण, बादली. नववं, हाड. मॅडमच्या टेबलावर कादंबरी होती. त्यांनी सहावं प्रकरण काढलं, ओळीवर बोट ठेवलं. मग आठवं. शेवटी नववं.

"मग प्रकल्पात उलट का लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

सर आता माझ्याकडे वळले. आवाज गोड. "घाईत झालं असेल. चुकून झालं म्हण ना."

दार उघडं होतं. सरांनीच उघडून दिलं होतं. चुकून झालं, एवढंच.

"ते मी लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "उतरवलंय. पानं सरांनी दिली."

सर काय म्हणाले ते मला नीट आठवत नाही, ते बराच वेळ बोलले. ते कधीच अशी पानं देत नाहीत, मुलगी बिथरली आहे, या मुलांना संधी दिली की असं होतं. या मुलांना, हे आठवतंय. मॅडमनी कागद ओढून घेतला. निघताना त्या दारापाशी मला म्हणाल्या, "तुमचं वाचन बरोबर आहे." आणि आत टेबलावरच्या त्या कागदावर, मजकूर उतरवल्याबद्दल प्रकल्प रद्द, असं लिहून त्यांनी सही केली होती. नियमाने तेच बरोबर होतं. मी त्यांना दोष देत नाही. आभारही मानत नाही.

घरी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं आई जवळ घेईल. तिने हातातला कोयता खाली ठेवला नाही.

"माझा नाव कित्या घातलंस?" ती म्हणाली. "आणि घातलंस तर काढलंस कित्या?"

त्या वर्षी सरांची स्कूटर आली नाही, त्यांच्या ओळखीची आणखी चार-पाच घरंही आली नाहीत. बाबांचा फोन आला, स्थळाचं विचारायला. आईने सांगितलं, थांबा जरा. एवढंच. का थांबा, ते तिने त्यांनाही सांगितलं नाही आणि मलाही.

महिन्याभराने कॉलेजच्या कार्यालयातून बोलावणं आलं. क्लार्कने एक टाइप केलेला माफीनामा पुढे केला. त्यात लिहिलं होतं, 'मी कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने दुसऱ्याचा मजकूर उतरवला.' यावर सही केली की प्रकल्प पुन्हा सादर करायची परवानगी. मार्गदर्शकही बदलून मिळेल. क्लार्क आमच्याच बाजूचा, भला माणूस. हळूच म्हणाला, "सही कर आणि मोकळी हो. कित्या उगाच?"

मला मोकळं व्हायचंच होतं. कोणाला नसतं? मी पेन घेतलं. 'कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने' यावर रेघ मारली. वर लिहिलं, 'मार्गदर्शकांनी दिलेल्या पानांवरून, नापास होण्याच्या भीतीने.' खाली सही केली. क्लार्कने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तो आत घेऊन गेला.

चार दिवसांनी कागद परत आला. नवा, कोरा, तेच वाक्य. मी तेच केलं. तो परत आला. तिसऱ्यांदा प्राचार्यांनी स्वतः बोलावलं. खुर्ची दिली नाही. म्हणाले, "तुझ्या भविष्याचा विचार कर. सरांची पंचवीस वर्षांची सेवा आहे." टेबलाची कड धरली होती, म्हणून पडले नाही. म्हटलं, "चोरी मी केली. ते वाक्य माझं आहे, त्यावर मी कुठेही सही करते. पानं कोणी दिली, हे दुसरं वाक्य. तेही माझंच आहे. दोन्ही घ्या सर. एकटं पहिलं मिळणार नाही."

ते म्हणाले, "मग बस घरी."

घरीच बसले आहे. सकाळी आईबरोबर टबावर असते, दुपारी लिहिते. तिसरं प्रकरण पुन्हा लिहून झालंय, पहिल्यापेक्षा बरं. आईचं नाव परत घातलंय. तिला विचारून घातलं या वेळी. ती म्हणाली, "घाल. पण आता काढू नको." मार्गदर्शक कोण होणार, माहीत नाही. कोणी होणार की नाही, तेही माहीत नाही. एक वर्ष गेलं, दुसरंही जाईल. बाबा या सुट्टीत येतील तेव्हा काय होईल, याचा विचार मी पुढे ढकलते. भीती कमी झाली आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. ती पहिल्यासारखीच आहे, सकाळी माझ्याआधी उठते.

तरी कार्यालयातून परत एक माफीनामा आलाय, तो सोमवारपर्यंत द्यायचाय. चौथा. कागद समोर आहे, रेघ मारून झाली आहे, वरचं वाक्यही लिहून झालंय. सही त्यांच्यासमोर करायची असा या वेळी नवा नियम काढलाय. तिथे सर असतील, प्राचार्य असतील आणि माझा हात थरथरणार, हे मला आत्ताच माहीत आहे. थरथरलेली सही चालते का, हे मी कार्यालयात फोन करून विचारून घेतलं. चालते.